शाळेतली भीती आणि ती घालवणारी माणसे



आपल्याकडे चार वडीलधारी माणसे पारावर बसली आणि शाळेच्या आठवणी निघाल्या, की पहिली आठवण बहुधा मास्तरांच्या छडीची निघते. कोणाला किती छड्या बसल्या, कोणाचा कान कसा लाल झाला, कोण किती वेळ अंगठे धरून उभा राहिला, हे सारे मोठ्या चवीने सांगितले जाते. शेवटी एखादा म्हणतो, "पण त्या मारामुळेच आम्ही शिकलो, बरं का!" आणि बाकीचे माना डोलावतात.

आता यात एक गोम आहे. मार खाऊन शिकलेला माणूस आज पारावर बसून बोलतो आहे. परंतु त्याच वर्गातला जो मुलगा मार खाऊन तिसऱ्या दिवशी शाळा सोडून गुरांमागे गेला, तो आपली हकिकत सांगायला पारावर येत नाही. जी मुलगी फळ्यापुढे उभी राहून रडली आणि पुन्हा शाळेत आलीच नाही, तिची आठवण कोणी काढत नाही. जे टिकले त्यांचीच साक्ष आपण ऐकतो आणि जे गळाले त्यांना विसरतो. म्हणून आजच्या भाषणात शाळेचा इतिहास जरा वेगळ्या अंगाने पाहू. कोणत्या साली कोणती शाळा निघाली याची जंत्री बाजूला ठेवून एवढेच विचारू, की शाळेत बसलेल्या मुलाला काय वाटत होते आणि त्याच्या मनातली भीती कमी करण्यासाठी आपल्या मुलखात कोणी काय केले.

हा विचार सुप्यापासून सुरू करावा हे बरे. इतिहास वाचणाऱ्याला सुपे म्हटले की बारामतीकडचे सुपे आठवते. १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्या दंग्याची सुरुवात तिथे झाली. आपले सुपे ते नव्हे. हे नगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, पारनेर तालुक्यातले, पुणे-नगर हमरस्त्यावरचे गाव. तालुका पावसाला महाग. त्यामुळे पोटासाठी मुंबईची वाट धरणे इथल्या घरांना नवे नाही. बाप मुंबईला आणि पोर आजीपाशी, असे इथे पिढ्यान् पिढ्या चालत आले. आता तर सुप्याला औद्योगिक वसाहत झाली, मोठमोठे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर दूरदूरची मजूर कुटुंबेही आली. तेव्हा इथल्या एकाच वर्गात कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर, आजीपाशी राहणारे पोर आणि घरी मराठीचा शब्दही न बोलणारे पोर शेजारी शेजारी बसलेले असू शकते. प्रत्येकाच्या दप्तरात पुस्तके तीच असतात, मनातले ओझे मात्र वेगळे असते.

सुप्याचा आणखी एक योग असा, की आपल्या विषयाच्या इतिहासातली दोन महत्त्वाची ठिकाणे इथून दूर नाहीत. एक नगर शहर आणि दुसरे राळेगणसिद्धी. तिथे आपण यथाक्रम जाऊच. त्याआधी जुनी शाळा कशी होती ते पाहू.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी आणि आल्यावरही बराच काळ गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्या वाड्याच्या ओसरीवर मुले बसत. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मग बोरू हाती घ्यायचा, मोडी वाचायची, आणि पाढे म्हणायचे. पाढे तरी किती! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या माणसाला हा हिशेब जन्मभर पुरत असे. त्या शाळेने व्यवहारी शिक्षण दिले हे कबूल केलेच पाहिजे. पण सारे शिक्षण पाठांतरावर आणि पाठांतर धाकावर. ओणवे राहणे, अंगठे धरणे, कोंबडा होणे, छडी खाणे, ह्या गोष्टी अक्षरओळखीइतक्याच शाळेच्या अंगभूत मानल्या जात.

पंतोजी दुष्ट होते म्हणून असे होते काय? तसे म्हणता येणार नाही. पंतोजींचे पोट आईबापांनी दिलेल्या धान्यावर आणि चार पैशांवर चालायचे. पोराला पाढे आले नाहीत तर बाप म्हणणार, "पंतोजी, तुम्ही करता काय?" शिकवण्याचे शास्त्र कोणी पंतोजींना शिकवलेले नव्हते. एका ओसरीवर लहानथोर वीस-तीस पोरे. मग हाताशी राहिली ती छडी.

पुढे सरकारी शाळा आल्या. १८५४ साली वुडचा खलिता आला आणि १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले. छापील पुस्तके आली, घंटा आली, हजेरीपट आला आणि तपासणीही आली. डिपोटी साहेब घोड्यावरून शाळा तपासायला येणार म्हटले की शाळा शेणाने सारवायची, पोरांना आंघोळी घालायच्या, कविता घोकून घ्यायच्या. खासगी शाळांच्या बाबतीत तर परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरवण्याची रीतही त्या काळी आली. पोर चुकले की मास्तरांची अब्रू जाई आणि शाळेचा पैसाही जाई.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो. भीती ही पावसाच्या पाण्यासारखी असते. ती वरून खाली धावते. साहेबाला वरच्या साहेबाची भीती, मास्तरांना साहेबाची भीती आणि मुलाला मास्तरांची भीती. मुलाच्या खाली कोणी नसते, तेव्हा ते पाणी त्याच्यापाशी येऊन साचते. मुलाची भीती कमी करायची तर वरच कुठेतरी कोणीतरी बांध घातला पाहिजे. आपल्या मुलखात असे बांध घालणारी माणसे निघाली, हे आपले भाग्य.

त्यातला पहिला बांध पाहायला नगर शहरात जावे लागते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे घातले. सिंथिया फॅरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आली होती. ती १८३९ साली नगरला आली आणि १८६२ साली तिथेच वारली. जवळजवळ तेवीस वर्षे तिने नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. मुलीने पाटी हाती धरली तर घरावर संकट येते, असे मानण्याचा तो काळ. त्या काळात मुलगी रोज शाळेत येण्यासाठी नुसता धडा पुरत नाही, तिला आणि तिच्या आईला आधी विश्वास वाटावा लागतो. पुण्याचे तरुण जोतीराव फुले एका मित्राबरोबर नगरला आले असता त्यांनी या बाईंच्या शाळा पाहिल्या आणि त्यांची व्यवस्था पाहून ते प्रभावित झाले. १८४८ साली त्यांनी पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाशीही फॅरारबाईंचे नाव जोडले जाते. म्हणजे महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाच्या गंगेचा एक झरा आपल्या नगरच्या मातीत आहे.

सावित्रीबाई शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, ही गोष्ट आता प्रत्येक शाळेत सांगतात. ती सांगताना एक प्रश्न मुलांना जरूर विचारावा. बाहेर एवढी भीती असताना वर्गात त्यांनी ती खाली वाहू दिली का? याचे उत्तर त्यांच्याच मालिकेतल्या एका शाळेतल्या विद्यार्थिनीने दिले आहे. तिचे नाव मुक्ता. मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, सुमारे तीन वर्षे फुल्यांच्या शाळेत शिकलेली. १८४२ साली नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १८५५ साली तिचा निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. आपल्या लोकांवर कसा जुलूम झाला, आपल्या बाया उघड्यावर बाळंत कशा होतात, त्यांच्या डोक्यावर छप्परही कसे नसते, हे तिने न घाबरता लिहिले आणि धर्माच्या नावाने मिरवणाऱ्यांना सरळ प्रश्न विचारले.

शिक्षकबंधूंनो, या निबंधाकडे आपण सामाजिक इतिहासाचा कागद म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण तो वर्गाचाही दाखला आहे. ज्या मुलीला शाळेत रोज हिणवले गेले असते, तिला असा निबंध लिहिता आला असता का? मनातले दुःख सांगावे आणि कोणीतरी ते ऐकून घ्यावे, एवढी खात्री तिला त्या शाळेत मिळाली होती. हल्ली आपण ज्याला मुलांचे मानसिक स्वास्थ्य म्हणतो, त्याचा पाया हाच. आपले बोलणे ऐकले जाईल, ही मुलाची खात्री.

जोतीरावांनी ही गोष्ट पुढे सरकारच्या कानावरही घातली. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाकडे सरकार दुर्लक्ष करते अशी तक्रार केली. शिक्षक चांगले शिकवून तयार केलेले असावेत, त्यांना पगार पुरेसा असावा आणि शक्यतो ते कष्टकरी समाजातूनच यावेत, असे त्यांनी सुचवले. कारण काय दिले? तर असा शिक्षक मुलांत मिळून मिसळून वागेल आणि त्यांच्या गरजा व इच्छा त्याला कळतील. दूर उभा राहणारा शिक्षक त्यांना ओळखणार नाही. मास्तरांचा पगार आणि मुलाचे मन यांचा संबंध सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी या माणसाने जोडून दाखवला. सावित्रीबाईंचा शेवटही असाच झाला. १८९७ च्या प्लेगात एका आजारी मुलाला दवाखान्यात पोचवताना त्यांना संसर्ग झाला आणि त्यातच त्या गेल्या.

भीती छडीचीच असते असे समजू नका. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमराव आंबेडकर शिकत होते, त्यांना बसायला गोणपाट घरून आणावे लागे आणि संध्याकाळी ते परत न्यावे लागे. तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतील तेव्हा प्यायचे. शिपाई नसला की पाणी नाही. इथे कोणी छडी उगारलेली नव्हती. तरी रोज त्या मुलाला सांगितले जात होते की तू इतरांसारखा नाहीस. बाबासाहेबांनी मोठेपणी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली. एवढा मोठा विद्वान झालेला माणूसही ते विसरू शकला नाही, यावरून असा घाव किती खोल जातो ते ओळखावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळतात. त्या दिवशी भाषणे होतात. त्याबरोबर आपल्या वर्गात आज कोणाचे 'गोणपाट' वेगळे आहे, हे शिक्षकांनी एकदा नजर फिरवून पाहिले, तर तो दिवस सार्थकी लागेल.

याच साताऱ्यात पुढे १९२४ साली भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालू केले. खेड्यातले पोर घर सोडून आले की पहिले काही दिवस रात्री रडते, हे वसतिगृह चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि एका वेळी तर मंगळसूत्रही दिले. रयत शिक्षण संस्थेचा विस्तार आपण आज पाहतो, नगर जिल्ह्यातही तिच्या शाळा पुष्कळ आहेत. परंतु तिच्या मुळाशी एक बाई आहे. कोणाच्या पोटात दुखते आणि कोण जेवला नाही, हे ती पाहत होती.

त्याच १९२४ साली खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक म्हणून लागले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले वर्गात गेली की गुरुजी खोल्या झाडून ठेवत, पसरलेली अंथरुणे गुंडाळून ठेवत, कोणी आजारी पडले की उशाशी बसत. चार दिवसांत मुलांना लाज वाटू लागली आणि ती आपले काम आपण करू लागली. शिस्त लागली ती अशी. प्रेमाने मुले बिघडतात असे म्हणणाऱ्यांनी अमळनेरचे हे उदाहरण जरूर आठवावे. गुरुजी तिथे सहाच वर्षे होते, १९३० साली ते सत्याग्रहात गेले. पण ती सहा वर्षे त्यांच्या विद्यार्थ्यांनी जन्मभर सांगितली.

आता लहानग्यांकडे वळू. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी मारझोडीविना बालशिक्षणाचा प्रयोग केला आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी या खेड्यात काम उभारले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली समाजाची मुले. शाळा काढली, पण मुले येईनात. एखादा म्हणाला असता, "यांना शिक्षणाची आवडच नाही." या दोघी काय म्हणाल्या? मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाऊ दे. त्या पाड्यावर गेल्या, अंगणातच मुलांना जमवले, नहाऊ-माखू घातले, केस विंचरले, गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली. ही अंगणवाडी. मुलांना गुरे राखायला जावे लागते, तर कुरणातच शाळा भरवली. तिचे नाव कुरणशाळा. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असते, तर त्याच्यासाठी पाळणाघर केले. १९७५ साली भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि कोसबाडच्या अंगणातला हा शब्द साऱ्या देशात गेला. सुप्यातल्या अंगणवाडीची पाटी वाचताना त्यामागे या दोन बायांचे पाय झिजलेले आहेत, हे आठवावे.

आता सुप्याच्या शेजारी येऊ. राळेगणसिद्धी हे गाव पाणलोटाच्या कामासाठी देशभर गाजले. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी आले. गावकऱ्यांनी श्रमदानाने बंधारे घातले, पाणी अडवले, जिरवले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी शाळेच्या बाबतीत काय केले, ते मात्र कमी लोकांना माहीत असते. शेजारच्या पिंपळनेरच्या संत निळोबारायांचे नाव दिलेल्या त्यांच्या विद्यालयाने आणि वसतिगृहाने नापास मुलांना आवर्जून जागा दिली. इतर शाळा हुशार मुले निवडून घेतात. इथे इतरांनी नाकारलेली, कोणी एकदा तर कोणी अनेकदा नापास झालेली मुले घेतली गेली. पहाटे उठणे, व्यायाम, श्रमदान आणि शिक्षकांच्या नजरेखाली अभ्यास असा दिनक्रम ठेवला. त्यातली पुष्कळ मुले पुढे पास झाली.

यातले मर्म काय? नापास हा शिक्का मुलाच्या प्रगतिपुस्तकावर बसतो तेव्हा फार थोडे बिघडते. तो घरात, गल्लीत आणि त्याच्या स्वतःच्या मनात बसतो तेव्हा मुलगा खचतो. "तू याच गुणांचा," असे चार तोंडांनी ऐकले की पोरालाही ते खरे वाटू लागते. जिथे सगळेच एकदा पडलेले असतात, तिथे पडल्याची लाज निघून जाते आणि उठण्याची उमेद राहते. राळेगणात कडक शिस्त होती, त्यात संशय नाही. पण ती मुलाला वगळण्यासाठी नव्हती, सामावून घेण्यासाठी होती. दोन्ही शाळांत पहाटे पाचला घंटा होत असेल. मुलाला ती घंटा वेगळी ऐकू येते.

आता कायद्याचे पाहू. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये शाळेतल्या मारहाणीला परवानगी देणारा तिथला नियम रद्द केला. मग संसदेने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा केला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे. त्याच कायद्याने आठवीपर्यंत कोणाला नापास करून मागे ठेवायचे नाही असे ठरवले होते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन, पुन्हा एक संधी देऊन, मुलाला मागे ठेवण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ साली तसा नियम केला. म्हणजे नापासाचा शिक्का पुन्हा लहान वर्गात आला आहे. तो योग्य की अयोग्य, यावर विद्वानांचे दुमत आहे. पण ज्या मुलाला तो लागेल, त्याच्या पाठीवर हात कोण ठेवणार, हा प्रश्न गावाचा आहे, आणि राळेगणचा धडा इथे कामी येतो.

कायद्याने छडी बऱ्याच अंशी गेली. जिभेवर मात्र कायद्याचा पहारा बसवणे अवघड. "अरे ढ," "तुझ्या बापाने तरी कधी शाळा पाहिली का?" "तुझी बहीण बघ आणि तू बघ!" असली वाक्ये बोलायला क्षण लागतो, ती निघायला वर्षे लागतात. वर्गात सर्वांसमक्ष गुण वाचून दाखवणे, फी किंवा वही नाही म्हणून उभे करणे, आडनावावरून किंवा बोलीवरून हसणे, हे सारे जुन्या गोणपाटाचेच नवे अवतार. आणि शास्त्र सांगते तेही आपल्या अनुभवाचेच आहे. घाबरलेल्या मुलाची छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, मन सुटकेची वाट शोधत असते. त्या मनात त्रैराशिक कसे शिरावे?

शिक्षकांनाही आज कमी जाच नाही. निकाल, निरनिराळी माहिती भरणे, सर्वेक्षणे, वरून येणारे निरोप, यांत त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. वरच्या अधिकाऱ्याने शिक्षकाला सर्वांदेखत खडसावले तर ते पाणी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पहिल्या बाकावर पोचते. म्हणून मुलांच्या सुखाची चौकशी करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आधी शिक्षकांशी बोलताना आपला सूर तपासावा.

मग करायचे काय? मोठा खर्च लागत नाही, अशा चार गोष्टी सांगतो.

शिक्षकांनी हजेरी घेताना नुसता आकडा न पुकारता नावाने हाक मारावी आणि त्या मुलाकडे पाहावे. बोलके मूल गप्प झाले, रोज सकाळी पोटात दुखते म्हणू लागले, वारंवार गैरहजर राहू लागले किंवा एकाएकी चिडके झाले, तर ते खोड्या करते असे धरून न चालता एकीकडे घेऊन विचारावे. चूक सांगायची ती एकांतात आणि शाबासकी द्यायची ती चारचौघांत. परप्रांतातून आलेल्या मुलाला त्याच्या भाषेतला एखादा शब्द वर्गाला शिकवू द्यावा. पाण्याला, भाकरीला, आईला तुमच्याकडे काय म्हणतात, एवढे विचारले तरी त्याची मान वर होते.

आईबापांनी संध्याकाळी "किती मार्क पडले?" याच्याआधी "आज काय गंमत झाली?" हे विचारावे. मुंबईला असलेल्या बापाने फोनवर अभ्यासाची झडती घेण्याआधी पोराचे चार शब्द ऐकावेत. आजी-आजोबांनी शाळेत एकदा जाऊन गुरुजींना भेटावे, कारण पोराचे घर आज तेच आहेत.

गावानेही हात लावावा. शिक्षण हक्काच्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समितीच्या बैठकीत खोल्या, रंगरंगोटी आणि पोषण आहार यांची चर्चा होते, ती व्हावीच. त्याबरोबर एक प्रश्न दर वेळी टिपणीवर घ्यावा. या महिन्यात कोणती मुले शाळेत यायला नाखूश आहेत आणि का? २०२२ पासून शाळांत सखी सावित्री समित्या करण्याचे सरकारने ठरवले आणि २०२४ साली लहान वर्गांसाठी आनंददायी शनिवारचा उपक्रम आणला. हे कागदावर न राहता अंगणात उतरावे, यासाठी समितीतल्या आयाबायांनी विचारणा करावी.

आणि प्रकरण हाताबाहेरचे वाटले, मूल जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागले किंवा त्याच्यावर अत्याचार झाल्याचा संशय आला, तर लपवून ठेवू नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक आहे. १९९६ साली ही सेवा मुंबईतच सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सरकारी सल्ला मिळतो. दोन्ही ठिकाणी पैसे पडत नाहीत. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितो, तिथे हे दोन आकडे लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर लिहून ठेवावेत.

बंधुभगिनींनो, फॅरारबाई, सावित्रीबाई, लक्ष्मीबाई, साने गुरुजी, ताराबाई, अनुताई, या कोणापाशीही मानसशास्त्रज्ञांची फौज नव्हती. समोरच्या मुलाला काय वाटत असेल, हे विचारण्याची सवय मात्र त्यांना होती. पारनेर तालुक्याने ओढ्याचे पाणी वरच्या वर अडवून जिरवले आणि खाली विहिरींना पाणी आले. तोच कित्ता शाळेत गिरवायचा आहे. साहेबाने आपल्यापुरता बांध घालावा, शिक्षकाने आपल्यापुरता, बापाने आपल्यापुरता. उद्या सकाळी शाळेची घंटा होईल तेव्हा आपल्या गावातले कोणते पोर पाय ओढत चालले आहे, एवढे पाहायला उंबऱ्यापर्यंत या, आणि त्याला नावाने हाक मारा.